नैसर्गिक झीज वगळून

इर्शाद एजंटनं यंत्र मांडलं माझ्या इस्त्रीच्या टेबलावर,
म्हणजे परिशिष्टाप्रमाणे
‘टेबल एक, लाकडी, पाय डुगडुगता’,
जे खोपकर काकूंचं आहे.

माझा अंगठा पहिल्या फटक्यात लागला.
प्रणोती आत्राम, वय चौतीस, व्यवसाय नोकरी,
मूळ गाव मूल, जिल्हा चंद्रपूर,
इथे अकरा महिन्यांपुरती लायसन्सी.
भाडेकरू म्हणायचं नाही,
इर्शादनं पहिल्याच वर्षी बजावलं होतं.
भाडेकरूला हक्क चिकटतात.
लायसन्सीला नुसती परवानगी,
पाहुण्यासारखी, पैसे भरणाऱ्या.

काकूंचा अंगठा लागेना.
पुसा, म्हणाला. पदराला पुसला.
दुसरा हात. तर्जनी. परत अंगठा.
लाल. लाल. लाल.
‘सत्तावीस वर्षं साबणाच्या वड्या गुंडाळल्या, विक्रोळीला,’
त्या यंत्रालाच सांगत होत्या,
‘कागद, घडी, डिंक. आधी नखं गेली, मग रेषा.
ज्योतिषी म्हणाला, बाई, तुमचं भविष्य पुसलं गेलंय.
म्हटलं, मग दक्षिणा परत द्या.’

त्या वड्यांची ही खोली.
भांडुप, टँक रोड, दुसरा मजला, दोनशे सत्तर फूट.

इर्शादचे मुलुंडला अजून दोन करार होते.
‘नोंद व्हायलाच हवी, आजी. ती मालकाची जबाबदारी.
नाही झाली, आणि उद्या वाद कोर्टात गेला,
तर तुम्ही उलटं सिद्ध करेपर्यंत
ही बाई म्हणेल तेच खरं धरतात.’

काकूंनी माझ्याकडे पाहिलं,
तीन वर्षांत पहिल्यांदा इतका वेळ.
‘मग काय म्हणशील गं?’

म्हणेन, साठ हजार अनामत, चेकनं.
म्हणेन, साडेचौदा हजार दर पाच तारखेला,
फक्त एकदा, आईच्या ऑपरेशनच्या महिन्यात, एकोणीसला,
आणि तुम्ही फोन केला नाहीत.
मोरीची ओल तुमची, नळाचा वायसर माझा.
मुदत संपून राहिले तर दुप्पट भाडं,
ती तारीख मला पाठ आहे
वॉर्डातल्या इंजेक्शनांच्या वेळांसारखी.
म्हणेन, येण्याआधी तुम्ही कळवता, कलम सहा,
आणि कळवूनही कडी वाजवता,
स्वतःच्याच दाराबाहेर चपला काढून उभ्या राहता.
कलम नऊ, भिंतीत खिळा मारू नये.
मारलाय. कॅलेंडरच्या मागे.
आधीपासून होता असंही म्हणता येईल.

यातलं तोंडातून एवढंच आलं:
‘खिळा मारलाय, काकू.’
‘माहितीय. मागे आले तेव्हा
पंख्यानं कॅलेंडर उडत होतं.’

मी त्यांचा हात हातात घेतला.
शीर सापडत नसली की आम्ही असंच करतो,
तळवा चोळायचा, ऊब येऊ द्यायची,
सुई हातात आहे हे विसरल्यासारखं दाखवायचं.
अंगठा गुळगुळीत,
तळाशी आलेल्या वडीसारखा.

सातव्यांदा हिरवा.
इर्शादनं सुस्कारा सोडला आणि हिशेब सांगितला,
स्टँप ड्युटी निम्मी निम्मी, त्याचे वेगळे.
मग सवयीनं शेवटचं कलम भराभर वाचलं:
जागा जशी मिळाली तशी परत करावी,
नैसर्गिक झीज वगळून.

‘म्हणजे?’ काकू.
‘म्हणजे राहून राहून आपोआप जे जातं, आजी,
रंग, फरशीची चकाकी वगैरे,
त्याचे पैसे कापता येत नाहीत.’

काकू थोडा वेळ अंगठ्याकडे बघत बसल्या.
‘कारखान्याच्या कागदात
असलं काही नव्हतं लिहिलेलं.’

मग मागच्या वर्षीचा, मुदत संपलेला करार
त्यांनी पुढ्यात ओढला.
उभी घडी, आडवी घडी,
कोपरे आत, नखाशिवाय, बघता बघता
वडीएवढा घट्ट चौकोन.
वाकून टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवला
आणि वरून हात दाबून पाहिलं,
हलतंय का.